शिरगावची गाडी

"बाई, ह्याच्यात समदं लिवल्यालं असतंय व्हय?"

मी अर्धी गाडीत आणि अर्धी बाहेर अशी वाकून स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनरची पिन बसवत होते. मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्यांनी हा प्रश्न दुसऱ्यांदा विचारला, म्हणून मान वळवावी लागली.

"ह्याच्यात नाही आण्णा. लिहिलेलं गाडीतच असतं, मी फक्त वाचते."

"म्हंजी गाडी कुठं गेली, किती गेली?"

"कुठं गेली ते ही गाडी सांगत नाही. कधी सुरू झाली आणि किती चालली, ते सांगते."

"आन आत बसून कोण काय बोललं, ते?"

मला हसू आलं. "नाही हो. तेवढे कान नाहीत तिला."

"मग बरं हाय," ते म्हणाले आणि खुर्चीत जरा टेकून बसले. चेहऱ्यावरचा ताण मात्र काही कमी झाला नाही.

हे कराडचं आहे, विजेच्या गाड्या अजून नवलाच्या होत्या तेव्हाचं. हायवेलगतच्या आमच्या वर्कशॉपमध्ये त्या गाड्यांचं ट्रेनिंग घेतलेली मी एकटीच होते आणि पोरं मला 'डॉक्टरीण' म्हणत. म्हणताना खुदकन हसत, पण एखादी गाडी रुसली की गपगुमान माझ्याचकडे आणून लावत. मलाही तेव्हा आकड्यांचा भारी गर्व होता. माणसं थापा मारतात, गाडी मारत नाही, हे मी गिऱ्हाइकांच्या तोंडावर बोलून दाखवायची.

ज्ञानदेव कणसे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. सगळी नोकरी कराड–चिपळूण रस्त्यावर, कुंभार्ली घाटात गेलेली. पांढरा पायजमा, टोपी, आणि एका डोळ्यात काचबिंदूने उतरलेला धुरकटपणा. गाडी मुलाने घेऊन दिलेली होती. दवाखान्यात, बाजारात न्यायला दत्ता नावाचा भाचा यायचा आणि तोच चालवायचा. आण्णांनी स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता. आजही गाडी दत्तानेच आणून सोडली होती आणि तो आपल्या कामाला निघून गेला होता.

तक्रार आण्णांची नव्हतीच, मुलाची होती. उमेश कणसे पुण्याला नोकरीला. गाडी त्याच्या मोबाईलला जोडलेली, त्यामुळे चार्ज किती आहे आणि गाडी चालू आहे की बंद, एवढं त्याला तिथे दिसायचं. गाडीच्या आतल्या नोंदी उघडायच्या तर नोंदवलेल्या नंबरवर ओटीपी जातो, म्हणून मी त्याला फोन लावला.

त्याने आकडे सांगितले आणि लगेच म्हणाला, "मॅडम, आण्णा जवळ आहेत का? जरा बाजूला जाता?"

मी कॉम्प्रेसरच्या मागे जाऊन उभी राहिले.

"रोज दिवेलागणीला गाडी चालू होते. पाऊण तास, कधी तासभर. चार्ज उतरतो. दत्ता त्या वेळी कामावर असतो. आता ब्रेकमध्ये काहीतरी बिघाड आहे असा मेसेजही यायला लागलाय." त्याचा आवाज चढला नाही, पण थकल्यासारखा वाटला. "गेल्या वर्षी एका दूधवाल्याला उडवता उडवता राहिले. त्यानंतर आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीय त्यांनी, चालवणार नाही म्हणून. विचारलं की विषय बदलतात. मला फक्त खरं काय ते सांगा. चालवत असतील तर आज किल्ली काढून घेणार. दुपारी निघतोय मी पुण्याहून."

"बघते आणि सांगते," मी म्हटलं.

खरं तर मला तेव्हाच वाटलं होतं की म्हातारबुवा चालवतात. जन्मभर घाटात गाडी खेचलेला माणूस, दारात नवीकोरी गाडी, हात शिवशिवणारच. मनातून मी त्यांच्या बाजूची होते, पण आकडे काय बोलतील ते बोलतील, त्याला माझा इलाज नव्हता.

आकडे उघडले आणि मी लॅपटॉप मांडीवर घेऊन तिथेच जमिनीवर बसले.

रोजच्या संध्याकाळच्या नोंदी होत्या, त्यात काही वाद नव्हता. गाडी सुरू, दिवे लावलेले, एसी मंद. ड्रायव्हरच्या सीटवर माणूस, शेजारच्या सीटवर माणूस. दोन्ही पट्टे लावलेले. गिअर डी, म्हणजे पुढे जायचा. इथपर्यंत उमेशचंच खरं. पण वेगाच्या रकान्यात शून्य. अंतराच्या रकान्यात शून्य. आणि ब्रेक पहिल्यापासून शेवटपर्यंत दाबलेला. एकदा नाही, प्रत्येक संध्याकाळी तसंच. गाडी चालायला तयार करायची आणि पाऊण तास तिला ब्रेकवर दाबून धरायचं, असा उद्योग कोण कशाला करेल?

बिघाडाचा मेसेजही त्यामुळेच येत होता. ब्रेक एवढा वेळ सलग दाबलेला दिसला की गाडीला वाटतं पेडलच अडकलंय.

काही का असेना, म्हाताऱ्यांची सुटका होती. मी उठून खुर्चीपाशी गेले.

"आण्णा, अभिनंदन. संध्याकाळी गाडी जागची हललेलीच नाही. मुलाला सांगते, शपथ मोडली नाही म्हणून."

मला वाटलं, त्यांचा जीव भांड्यात पडेल. झालं उलटंच. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"आसं नगा सांगू."

"का?"

"मी चालवतो की. रोज चालवतो. कृष्णामाईच्या घाटापत्तूर जाऊन येतो." ते घाईघाईने बोलत होते. "लिवा तसं. चालवतो म्हणून लिवा."

"अहो, पण गाडी शून्य दाखवतेय."

"बिघडली आसंल मशीन तुमची."

"मशीन बिघडलं असतं तर दवाखान्याच्या खेपाही दिसल्या नसत्या. त्या बरोबर दिसतात." मी खाली बसले, त्यांच्या डोळ्यांसमोर. "आण्णा, चालवत नसताना चालवतो कशाला म्हणता? किल्ली जाईल की तुमची."

"जाऊ द्या."

"आणि शेजारी कोण असतं?"

त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, परत डोक्यावर चढवली. "घरची हाय," एवढंच म्हणाले.

इथे कुठेतरी पाणी मुरत होतं. आमच्या कंपनीचा एक नियम होता, त्याचा मी आधार घेतला: तक्रार जिथे होते तिथे जाऊन गाडी बघायची. पेडलचा सेन्सर खरंच अडकतो का, ते संध्याकाळी घरीच तपासते, असं मी मॅनेजर खोतसाहेबांना सांगितलं. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण जा म्हणाले. आण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी नाही म्हणायला तोंड उघडलं, माझ्याकडे थोडा वेळ बघितलं आणि मिटलं.

"यायचं तर या," ते म्हणाले. "पर ती काय बोलली तर वाईट वाटून घिऊ नगा."

विद्यानगरात त्यांचं लहानसं घर होतं आणि घराला चिकटून पत्र्याची शेड. दत्ताने गाडी आणून लावली होती ती थेट भिंतीला नाक लावून. मध्ये वीतभरसुद्धा जागा नव्हती. समोरची भिंत चुन्याने पांढरीशुभ्र केलेली. खिळ्याला एक खाकी शर्ट लटकत होता, धुवून इस्त्री केलेला. निवृत्त माणसाचा शर्ट अजून इस्त्रीत कसा, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. मी स्कॅनर जोडला, लांब वायर ओढून लॅपटॉप एका स्टुलावर ठेवला.

दिवेलागण झाली आणि घरातून आवाज यायला लागला.

"दार उघडा. कुणी कडी लावली? मला घरी जायचंय."

"आगं, घरातच हाईस."

"हे कुणाचं घर? तुम्ही कोण? हात सोडा माझा. आये वाट बघत असेल, मी आज येते म्हणून सांगितलंय. सोडा!"

काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग चपराक बसावी तसा एक आवाज. मी उठून दारापर्यंत गेले. आण्णांच्या बायको, सुगंधाकाकू, उंबऱ्यात उभ्या होत्या. ठेंगणी, गोरी बाई, केस नीट विंचरलेले, पायात चपला, काखेत कापडी पिशवी. डोळ्यांत अशी भीती की मला बघवेना. आण्णा एक गाल धरून बाजूला उभे होते.

"पोरी," काकूंनी माझा हात पकडला, "तू तरी सांग ह्यांना. अंधार पडला. शेवटची गाडी जाईल निघून."

चाळीस गिऱ्हाइकांना एका दमात गप्प करणारी मी, त्यांचा हात धरून नुसती उभी राहिले.

आण्णा शांतपणे आमच्या शेजारून शेडमध्ये गेले. टोपी काढली, खिळ्यावरचा खाकी शर्ट अंगात चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली. आणि तिथूनच, मघाशी बोलत होते त्याच्यापेक्षा वेगळ्याच, मोठ्या आवाजात त्यांनी हाक दिली.

"चला, चिपळूण, चिपळूण! पाटण, हेळवाक, शिरगाव, चिपळूण! सुटली गाडी!"

काकूंनी माझा हात सोडला. चेहरा बघता बघता निवळला.

"आली बघ," त्या मला म्हणाल्या. "हे डायव्हर चांगले आहेत हो. नेहमी हेच असतात. अगदी घरापाशी सोडतात." आणि पिशवी सावरत, पदर नीट करत त्या गाडीकडे निघाल्या.

नवऱ्याला मघाशी त्यांनी ओळखलं नव्हतं. ड्रायव्हरला ओळखलं.

आण्णांनी दार उघडून त्यांना बसवलं, पट्टा लावला, वळसा घालून स्वतः बसले. गाडी सुरू केली. विजेची गाडी, तिला ना आवाज, ना धूर. बंद शेडमध्येही ती सुरू ठेवता येते. दिवे लागले आणि समोरची पांढरी भिंत उजळून निघाली.

"गिअर नाही पडला अजून," काकू म्हणाल्या. त्यांची नजर समोर नव्हती, आण्णांच्या हातावर होती. ड्रायव्हरची बायको ती. गाडी कशाने निघते हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"टाकतो की," आण्णा म्हणाले. त्यांनी ब्रेक दाबला आणि बटण फिरवलं. डी. मग किल्लीने स्टिअरिंगवर दोनदा वाजवलं. टिंग टिंग. एसटीची डबल बेल.

माझ्या लॅपटॉपवर ब्रेकची रेघ वर चढली आणि वरच राहिली.

"मल्हारपेठ आलं बरं का," आण्णा सांगू लागले. "लई चढली माणसं. बाजार हाय आज." जरा थांबून, "नवारस्ता. हितं तुमच्या मामाची भेट झाली हुती, बगा, काकड्या दिल्या हुत्या त्यांनी." काकू हसल्या. काकड्या त्यांना आठवत होत्या. "आता पाटण. गाडी धा मिनटं थांबती हितं." आणि आण्णा खरंच थोडा वेळ गप्प बसले.

ती रेघ मी बघत होते. सकाळी तिथे नुसतं 'दाबलेला' एवढंच होतं. आता, चालू गाडीत, पायाचा दाब किती ते दिसत होतं. आणि तो दाब थरथरत होता. म्हातारा पाय दमत होता, किंचित सुटत होता, परत घट्ट होत होता. डीवर टाकलेली गाडी, पुढ्यात भिंत. पाय सुटला की गाडी पुढे सरकणार. म्हणून तो माणूस रोज पाऊण तास आपल्या बायकोला त्या एका पायावर धरून बसत होता. माझे डोळे भरून आले आणि मला रेघ दिसेनाशी झाली.

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. उमेश आला होता.

चाळिशीचा, चष्मा लावलेला, प्रवासाने शर्ट चुरगळलेला. शेडमध्ये दिवे लागलेले आणि बाप स्टिअरिंगवर बसलेला, एवढंच त्याला पहिल्यांदा दिसलं. तो तरातरा आत आला. मी पुढे होऊन ओठांवर बोट ठेवलं. आण्णांनी त्याला आरशात बघितलं होतं. त्यांचा चेहरा पार उतरला. पण पाय उचलता येत नव्हता आणि रस्ता सोडता येत नव्हता.

"हेळवाक," ते म्हणाले. "हितनं फुडं घाट."

उमेश काचेतून आईकडे बघत राहिला. तिच्या मांडीवरची पिशवी, आण्णांच्या अंगातला खाकी शर्ट, समोरची भिंत. तो हुशार माणूस होता. त्याला फार वेळ लागला नाही. हळूच मागचं दार उघडून तो आत बसला.

काकूंनी मान वळवली. "या. बसा. कुठं जायचं तुम्हाला?"

मी दार धरून उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"शिरगाव," उमेश म्हणाला.

"अगं बाई! म्हणजे आमच्याच गावचे." काकूंना आनंद झाला. त्यांनी त्याला नीट न्याहाळलं. "कुणाचे तुम्ही?"

आमच्याकडे अनोळखी पोराला असंच विचारतात. त्याने बापाचं नाव सांगायचं, की ओळख पटते, घर कळतं. उमेश पुढच्या सीटवरच्या बापाकडे बघत राहिला. त्याने चष्मा काढला.

पुढून आण्णा म्हणाले, "आपलंच हाय ते पोरगं. बसू द्या."

"आपलंच आहे का? मग बसा, बसा," काकू म्हणाल्या आणि पिशवीतून एक लिमलेटची गोळी काढून त्यांनी मागे दिली. "घाटात मळमळतं. तोंडात ठेवा."

उमेशने ती घेतली.

"धुकं लागलंय आज," समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे बघत आण्णा म्हणाले. "घाटमाथा आला. हितं कंडाक्टर खाली उतरायचा, चाकाला दगड लावायचा, मग आमी च्या घ्यायचो. निस्त्या ब्रेकावर गाडी सोडत न्हाईत घाटात."

"आणि मी वरच बसायची," काकू म्हणाल्या. डोळे मिटत आले होते. "थंडी वाजायची."

"मग मी तुमचा च्या वर आणून द्यायचो."

"हो," त्या पुटपुटल्या. "चांगले होते ते डायव्हर."

घाटाखालची पोफळी यायच्या आत त्यांना झोप लागली. मान खिडकीला टेकली. आण्णांनी आणखी थोडं अंतर काटलं, आवाज उतरवत उतरवत, आणि मग गिअर पीवर, म्हणजे पार्किंगला, आणून पाय उचलला. दोन्ही हातांनी त्यांनी आपली पोटरी धरली.

आम्ही तिघं शेडच्या दाराशी आलो. काकू आत झोपल्या होत्या.

"मॅडम, रिपोर्ट?" उमेशने विचारलं. त्याने नुसतं बोलायला म्हणून विचारलं असावं.

"संध्याकाळी गाडी जागेवरून हललेली नाही," मी म्हटलं. "एकदाही नाही. वडलांनी शपथ पाळलीय. पण सकाळी ते मला सांगत होते, चालवतो म्हणून लिहा."

तो आण्णांकडे वळला. "का?"

आण्णा जमिनीकडे बघत होते. "चालवतो म्हणलं आसतं, तर किल्ली नेली आसतीस तू. बास, तेवढंच." त्यांनी गाडीत झोपलेल्या काकूंकडे बघितलं. "हे बघितलं आसतंस, तर हिला नेली आसतीस. तूच म्हणला हुतास न्हवं, त्या बाणेरच्या जागंत नर्सा असत्यात, आई जास्त झाली की तितं ठिवू. मी तुला फोनवर सांगत आलो, जरा इसरती, बाकी बरी हाय. बरी न्हाय ती. मला वळकत न्हाय दिवेलागणीनंतर. मारती. पर गाडीत बसली की झोपती रं. सकाळी उठून म्हणती, 'च्या ठिवू का?'"

"आणि किल्ली गेली असती तर? मग काय केलं असतंत?"

"दोन खुर्च्या ठिवल्या आसत्या. शर्ट हाय की माझा." ते मान हलवत राहिले. "गाडी ने, उमेश. तिला नगं नेऊस. तितं चिपळूण, चिपळूण म्हणून कोण वरडंल?"

मला तिथून निघून जावंसं वाटलं. घरातली गोष्ट होती, मी परकी. पण गाडीला स्कॅनर जोडलेला होता आणि एक गोष्ट बोलायची राहिली होती. ती मीच बोलायला हवी होती.

"हे धोक्याचं आहे," मी म्हटलं. "डीवर गाडी, समोर भिंत. पाय सुटला तर दोघांना लागेल. पीवर ठेवलं तरी दिवे, एसी सगळं चालतं."

"तिला कळतंय," आण्णा म्हणाले. "पीवर ठिवून बगितलं. म्हणती, गाडी का न्हाई सोडत? आन उतराय बघती."

ट्रेनिंगमध्ये हे शिकवलेलं नव्हतं.

उमेश शेडमधून बाहेर गेला. मला वाटलं, रडायला गेला. घरामागून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. तो परत आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत चुलीला लावतात तसा एक मोठा दगड होता, शर्टाला माती लागलेली. तो आवाज न करता गुडघ्यांवर बसला आणि पुढच्या डाव्या चाकाच्या तोंडाशी दगड सरकवला. हाताने हलवून बघितला, परत घट्ट बसवला. मग जाऊन दुसरा आणला आणि उजव्या चाकाला लावला.

त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. ड्रायव्हरचा मुलगा होता तो; लहानपणी बापाच्याच एसटीतून आजोळी, शिरगावला गेलेला असणार.

आण्णा त्याच्याकडे बघत होते. खाकी शर्टाच्या बाहीने त्यांनी डोळे पुसले आणि बापाने मुलाला म्हणावं तसं नाही, ड्रायव्हरने कंडक्टरला म्हणावं तसं म्हणाले, "लागला का रं दगूड?"

"लागला," उमेश म्हणाला. चाकापाशीच बसून राहिला तो. किल्ली त्याने मागितली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. बाणेरच्या जागेचं नाव परत निघालं नाही, असं दत्ताने मला पुढे कधीतरी सांगितलं.

मी रिपोर्टमध्ये पेडलचा सेन्सर ठीक आहे, गाडी ठीक आहे, असं लिहून टाकलं.

नंतर ती गाडी वर्षाकाठी एखाद्या वेळी यायची. दत्ता आणायचा, मी माझ्या हातानेच बघायची. आतल्या नोंदी उघडायचं काही कारण पडत नसे आणि मी उघडतही नसे. काकू गेल्याचं त्यानेच सांगितलं. झोपेत गेल्या. दिवसकार्याला मी जाऊन आले. आण्णा ओट्यावर बसले होते. त्यांनी मला ओळखलं, "च्या घिऊन जा," म्हणाले.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी तोच ब्रेकचा मेसेज उमेशच्या फोनवर परत आला आणि गाडी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता खरंच सेन्सर गेला असणार. ओटीपीसाठी फोन केला. उमेशने आकडे सांगितले, जरा घुटमळला, आणि म्हणाला, "बघा तुम्ही. मला काही सांगायची गरज नाही."

नोंदी उघडल्या. दिवेलागणीला गाडी सुरू. दिवे लावलेले. गिअर डी. वेग शून्य, अंतर शून्य, ब्रेक दाबलेला. ड्रायव्हरच्या सीटवर माणूस. शनिवार आला की मागच्या सीटवरही एक माणूस.

शेजारची सीट रिकामी होती. रोजच रिकामी. आणि रोज तिचा पट्टा लावलेला होता.

मी स्कॅनरची पिन काढली, वायर गुंडाळली, आणि कागदावर 'दोष आढळला नाही' असं लिहून सही केली.